इंटरनेटचे नवे पत्ते : तीन दशकांचे संथ स्थलांतर

संगणक अथवा मोबाईल इंटरनेटला जोडला की त्याला एक क्रमांक प्राप्त होतो. पाठविलेला संदेश योग्य ठिकाणी पोहोचावा आणि त्याचे उत्तर परत यावे, यासाठी हा क्रमांक आवश्यक असतो. या क्रमांकांची जुनी पद्धत अपुरी पडणार, हे तज्ज्ञांच्या १९९० च्या सुमारासच लक्षात आले होते. तिची जागा घेण्यासाठी तयार केलेली नवी पद्धत, म्हणजेच इंटरनेट प्रोटोकॉलची सहावी आवृत्ती किंवा 'आयपीव्ही-६', डिसेंबर १९९५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. त्यानंतर सुमारे तीन दशके लोटली, तरी जगाने ती पूर्णपणे स्वीकारलेली नाही. गूगलच्या मोजणीनुसार, २०२५ मध्ये त्या कंपनीच्या सेवांकडे नव्या पद्धतीने येणाऱ्या वापरकर्त्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. या संथ स्थलांतरात भारत आघाडीच्या देशांमध्ये आहे, ही बाब मात्र फारशी परिचित नाही.

पत्ता म्हणजे काय?

इंटरनेटवरील प्रत्येक संदेश लहान लहान तुकड्यांत विभागला जातो. या तुकड्यांना 'पॅकेट' म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा आणि स्वीकारणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी व्हावी, तसे वाटेतील 'राउटर' नावाची यंत्रे हे पत्ते वाचून पॅकेट पुढे धाडतात. आपण संकेतस्थळाचे नाव टंकलिखित करतो. परंतु यंत्रे नावे जाणत नाहीत, ती क्रमांकच जाणतात.

आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली चौथी आवृत्ती, म्हणजे 'आयपीव्ही-४', सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झाली. तिच्यात पत्ता ३२ बिटांचा असतो आणि तो १९२.१६८.१.१ अशा चार संख्यांच्या रूपात लिहिला जातो. सहाव्या आवृत्तीतील पत्ता १२८ बिटांचा असून तो आठ गटांत लिहिला जातो. पाचवा क्रमांक ध्वनी व चित्र यांच्या वहनासाठी आखलेल्या एका प्रायोगिक पद्धतीला आधीच दिलेला असल्याने चारनंतर थेट सहा आले.

४२९ कोटींचे गणित

३२ बिटांतून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. इंटरनेटच्या मूळ रचनाकारांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांनी या निर्णयाची हकिकत जाहीरपणे सांगितली आहे. १९७७ मध्ये ३२ बिटांचा, १२८ बिटांचा किंवा कमी-अधिक लांबीचा असे पर्याय चर्चेत होते. हा केवळ एक प्रयोग आहे, अशा समजुतीने अखेर ३२ बिटांची निवड झाली. त्या वेळी जगाची लोकसंख्याही जवळजवळ तेवढीच होती आणि संगणक तर विद्यापीठे, संशोधन संस्था व मोठ्या कंपन्यांपुरतेच मर्यादित होते. पुढे हा प्रयोगच जगभर पसरला.

आरंभीच्या काळात पत्त्यांचे वाटप अत्यंत सढळ हाताने झाले. पत्ते तीन ठरावीक आकारांच्या गठ्ठ्यांत दिले जात. मोठ्या गठ्ठ्यात १,६७,७७,२१६, मधल्यात ६५,५३६ आणि लहानात २५६ पत्ते असत. हजारभर संगणक असलेल्या संस्थेला लहान गठ्ठा अपुरा पडे. म्हणून ती मधला घेई आणि त्यातील बहुतेक पत्ते वापराविना राहत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, फोर्ड मोटर कंपनी, आयबीएम, झेरॉक्स अशा संस्थांना प्रत्येकी एक मोठा गठ्ठा मिळाला होता. भारताच्या वाट्याला आजवर सुमारे चार कोटी पत्ते आले आहेत. म्हणजे १४० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशाचा वाटा असे अडीच गठ्ठे भरेल एवढाच आहे. जे आधी आले त्यांना मुबलक मिळाले आणि जे नंतर आले त्यांना टंचाई सोसावी लागली. पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी ही विषमता आहे.

सहाव्या आवृत्तीचा जन्म

१९९० च्या दशकाच्या आरंभी वर्ल्ड वाइड वेबचा प्रसार सुरू झाला आणि पत्त्यांची मागणी झपाट्याने वाढली. इंटरनेटचे तांत्रिक निकष ठरविणाऱ्या 'इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स' या मंडळाने तेव्हा दोन आघाड्यांवर काम हाती घेतले. पहिली आघाडी तातडीच्या उपायांची होती. १९९३ मध्ये ठरावीक आकाराचे गठ्ठे रद्द करून गरजेपुरते पत्ते देण्याची पद्धत आली. दुसरी आघाडी कायमच्या उपायाची होती. निरनिराळ्या प्रस्तावांची छाननी होऊन १९९४ मध्ये दिशा निश्चित झाली आणि स्टीव्ह डीअरिंग व रॉबर्ट हिंडेन यांनी लिहिलेला सहाव्या आवृत्तीचा आराखडा डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची सुधारित आवृत्ती डिसेंबर १९९८ मध्ये आली आणि जुलै २०१७ मध्ये त्यास पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला.

१२८ बिटांतून मिळणाऱ्या पत्त्यांची संख्या ३४० वर ३६ शून्ये दिल्यास होते, जवळपास तेवढी आहे. नव्या पद्धतीत घरातील एका जोडणीलाही सामान्यतः किमान ६४ बिटांचा पट्टा दिला जातो. जुन्या पद्धतीतील पत्त्यांच्या एकूण संख्येला त्याच संख्येने गुणावे, तेवढे पत्ते या एका घराच्या वाट्याला येतात. पत्ते जपून वापरण्याची चिंताच उरू नये, हा यामागील हेतू आहे.

विलंब का झाला?

या विलंबाचे पहिले कारण रचनेतच दडलेले आहे. जुन्या पॅकेटमध्ये पत्त्यासाठी नेमकी ३२ बिटांचीच जागा असल्यामुळे मोठा पत्ता त्यात मावत नाही. परिणामी, केवळ जुनी पद्धत जाणणारे यंत्र आणि केवळ नवी पद्धत जाणणारे यंत्र परस्परांशी थेट बोलू शकत नाहीत. नवा दूरचित्रवाणी संच घेतला तरी जुन्या वाहिन्या दिसत राहाव्यात, अशी सोय येथे नव्हती.

म्हणून सुचविण्यात आलेला मार्ग असा होता, की सर्वांनी काही काळ दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवाव्यात आणि सर्वत्र नवी पद्धत रुजली की जुनी बंद करावी. तांत्रिकदृष्ट्या हा मार्ग निर्दोष होता. आर्थिकदृष्ट्या मात्र त्यात अडचण होती. जो प्रथम बदल करील त्याला उपकरणे, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि दुहेरी देखभाल यांचा खर्च आजच करावा लागे. लाभ मात्र इतरांनी बदल केल्यावरच मिळणार होता. तोवर जुनी पद्धतही चालवावी लागणारच होती, त्यामुळे तिच्या पत्त्यांची गरजही कमी होत नव्हती. संकेतस्थळांचे चालक म्हणत, 'नव्या पद्धतीने येणारे ग्राहकच नाहीत'. सेवा पुरवठादार म्हणत, 'नव्या पद्धतीने पाहण्यासारखी संकेतस्थळेच नाहीत'. सामान्य ग्राहकाला तर फरक जाणवतच नव्हता, मग तो मागणी तरी कशी करणार?

१ जानेवारी १९८३ रोजी मात्र असाच एक बदल ठरल्या दिवशी घडवून आणला गेला होता. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेट या जाळ्याने तेव्हा जुनी नियमावली सोडून नवी स्वीकारली. परंतु त्या वेळी जोडलेले संगणक काहीशे होते आणि जाळ्याची सूत्रे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हाती होती. आज इंटरनेटला कोणी एक मालक नाही. त्यामुळे असा आदेश देणारेही कोणी नाही.

संक्रमणकाळातील काही उपायांनी अविश्वासात भर घातली. जुन्या जाळ्यातून नव्या पद्धतीची पॅकेट बोगद्यातून न्यावी तशी वाहून नेण्याच्या पद्धती निघाल्या. परंतु त्या भरवशाच्या ठरल्या नाहीत. सदोष जोडणी असलेला संगणक आधी नव्या मार्गाने प्रयत्न करी, कित्येक सेकंद खोळंबे आणि मगच जुन्या मार्गाकडे वळे. अशा वापरकर्त्यांचे प्रमाण अल्प होते, तरी मोठ्या संकेतस्थळांना तेवढेही ग्राहक गमावणे परवडणारे नव्हते. दोन्ही मार्ग जवळजवळ एकाच वेळी आजमावून जो आधी जुळेल तो वापरण्याची युक्ती पुढे ब्राउझरमध्ये आली, तेव्हा ही अडचण बव्हंशी दूर झाली.

एका पत्त्यावर अनेक बिऱ्हाडे

विलंबाचे सर्वांत मोठे कारण मात्र तातडीच्या उपायांनाच मिळालेले यश हे होय. १९९४ मध्ये 'नॅट' नावाची पत्ता-बदलाची पद्धत मांडण्यात आली. तिच्या मांडणीतच तिला अल्पकालीन उपाय म्हटले होते. चाळीचा टपालाचा पत्ता एकच असावा आणि कोणते पत्र कोणत्या खोलीचे, याची नोंद दरवानाने वहीत ठेवावी, तशी ही व्यवस्था आहे. घरातील संगणक, मोबाईल, दूरचित्रवाणी संच यांना केवळ घरापुरते अंतर्गत क्रमांक दिले जातात. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो आणि राउटर हा दरवानाचे काम करतो.

पुढे टंचाई वाढली तेव्हा सेवा पुरवठादारांनी हीच युक्ती आपल्या पातळीवर योजली. आता एका घराऐवजी अनेक घरे आणि असंख्य मोबाईलधारक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे उभे राहिले. बातम्या वाचणे, पत्रव्यवहार करणे, चित्रपट पाहणे या गोष्टी त्यातूनही सुरळीत चालतात. त्यामुळे टंचाई असूनही ती सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसली नाही.

तथापि, या सोयीची किंमत मोजावी लागतेच. दरवानाची वही बाहेर जाणाऱ्या संदेशावरून तयार होते. बाहेरून आपणहून येणारा संदेश कोणासाठी आहे, हे तिला कळत नाही. त्यामुळे घरातील कॅमेरा बाहेरगावाहून पाहणे किंवा स्वतःच्या संगणकावर छोटी सेवा चालविणे यांसाठी मध्यस्थ कंपनीचा आधार घ्यावा लागतो. एकाने गैरवापर केल्यामुळे एखाद्या संकेतस्थळाने तो पत्ता रोखला, तर त्यामागील निरपराध ग्राहकही अडकतात.

गुन्ह्यांच्या तपासात तर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. केवळ पत्ता आणि वेळ यांवरून व्यक्तीपर्यंत पोहोचता येत नाही. त्या क्षणी जोडणीला दिलेला 'पोर्ट' क्रमांकही लागतो आणि तो प्रत्येक संकेतस्थळाने नोंदविलेला असतोच असे नाही. युरोपीय पोलीस सहकार्य संस्था युरोपोलने २०१७ मध्ये याविषयी जाहीर चिंता व्यक्त केली होती. बेल्जियममध्ये एका पत्त्यामागे १६ पेक्षा अधिक ग्राहक नसावेत, असा संकेत सेवा पुरवठादारांनी २०१२ मध्ये स्वीकारला. पुढील काही वर्षे नव्या पद्धतीच्या वापरात तो देश जगात आघाडीवर राहिला.

साठा संपला

जागतिक साठ्याची व्यवस्था पाहणाऱ्या 'इंटरनेट असाइन्ड नंबर्स ऑथॉरिटी'ने ३ फेब्रुवारी २०११ रोजी उरलेले शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच विभागीय नोंदणी संस्थांना प्रत्येकी एक असे वाटून दिले. आशिया-प्रशांत विभागाच्या एपीनिक या संस्थेचा मुक्त साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला संपला आणि उर्वरित पत्त्यांवर कडक नियंत्रण आले. युरोपात सप्टेंबर २०१२ मध्ये, लॅटिन अमेरिकेत जून २०१४ मध्ये आणि उत्तर अमेरिकेत सप्टेंबर २०१५ मध्ये अशीच स्थिती आली.

साठा संपताच सर्वजण नव्या पद्धतीकडे धाव घेतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पत्त्यांचा बाजार उभा राहिला. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना विकत घेतले. म्हणजे एका पत्त्यास सव्वाअकरा डॉलर पडले. २०२१ च्या सुमारास हा दर पन्नास डॉलरच्या घरात गेला आणि पुढे तो उतरला. ज्या संस्थांना पूर्वी पत्ते जवळजवळ विनामूल्य मिळाले होते, त्यांच्यासाठी ती मालमत्ता ठरली. नव्याने व्यवसायात उतरणाऱ्यांसाठी तो वाढीव भार झाला. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनच्या संगणकीय सेवेने प्रत्येक सार्वजनिक जुन्या पत्त्यासाठी ताशी अर्धा सेंट आकारण्यास प्रारंभ केला. वर्षाकाठी ही रक्कम सुमारे ४४ डॉलर होते.

जागतिक दिवस आणि मोबाईलचा वाटा

परस्परांची वाट पाहण्याचे हे चक्र तोडण्यासाठी ८ जून २०११ रोजी 'जागतिक आयपीव्ही-६ दिवस' पाळण्यात आला. गूगल, फेसबुक, याहू आदी कंपन्यांनी चोवीस तासांसाठी आपली संकेतस्थळे दोन्ही पद्धतींनी खुली केली. सर्वांनी एकाच वेळी पाऊल उचलल्यामुळे एकट्याने ग्राहक गमावण्याची भीती उरली नाही. मोठा बिघाड झाला नाही. त्यामुळे ६ जून २०१२ पासून अनेक कंपन्यांनी ही सोय कायम केली. त्या वेळी गूगलच्या वापरकर्त्यांपैकी एक टक्काही नव्या पद्धतीने येत नव्हता.

खरी गती मोबाईल जाळ्यांमुळे आली. ग्राहकांची संख्या कोट्यवधी, जाळे नवे आणि हाती जुने पत्ते थोडे, अशा कंपन्यांना नव्या पद्धतीत थेट बचत दिसली. मोबाईलला केवळ नवा पत्ता द्यायचा आणि जुन्या संकेतस्थळांसाठी भाषांतराची व्यवस्था ठेवायची, ही पद्धत २०१३ मध्ये प्रमाणित झाली. अमेरिकेतील टी-मोबाईलने ती मोठ्या प्रमाणावर राबविली. जून २०१६ पासून ॲपलने आपल्या दालनातील ॲप्स केवळ नव्या पद्धतीच्या जाळ्यावरही चालली पाहिजेत, अशी अट घातली.

भारताची वाटचाल

भारतात या विषयाची अधिकृत चर्चा लवकर सुरू झाली. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००५ मध्ये विचारविनिमय करून जानेवारी २००६ मध्ये शिफारशी केल्या. दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. प्रमुख सेवा पुरवठादारांनी डिसेंबर २०११ पर्यंत सज्ज व्हावे आणि केंद्र व राज्य शासनांच्या विभागांनी मार्च २०१२ पर्यंत नव्या पद्धतीच्या सेवा वापराव्यात, असे त्यात म्हटले होते. २०१२ मध्ये 'नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया'च्या अंतर्गत पत्त्यांच्या वाटपासाठी भारताची स्वतंत्र नोंदणी संस्था अस्तित्वात आली. मार्च २०१३ मध्ये आराखड्याची दुसरी आवृत्ती निघाली. मुदती आल्या आणि गेल्या. कागदोपत्री सज्जता वाढली, प्रत्यक्ष वापर मात्र अल्पच राहिला.

चित्र पालटले ते २०१६ मध्ये. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओने आपली सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू केली. हे जाळे संपूर्णतः चौथ्या पिढीचे होते. जुन्या यंत्रणेचे ओझे त्यावर नव्हते आणि आरंभापासूनच त्यात नव्या पत्त्यांचा वापर होता. सहा महिन्यांच्या आत त्याची ग्राहकसंख्या दहा कोटींवर गेली. अन्य मोबाईल कंपन्यांनीही पुढे नव्या पद्धतीचा अवलंब केला. आज एपीनिकच्या मोजणीत भारतातील सत्तर टक्क्यांहून अधिक वापरकर्ते नवी पद्धत वापरण्यास सक्षम आढळतात. यांपैकी बहुतेकांना आपण काही बदलले आहे, याची जाणीवही नाही. पत्त्यांची जी टंचाई देशाची उणीव होती, तीच येथे बदलाची प्रेरणा ठरली.

चित्राची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. मोबाईल जाळी पुढे गेली, तरी तारेने जोडलेल्या घरगुती व कार्यालयीन सेवांमध्ये जुने राउटर अडसर ठरतात. कित्येक भारतीय संकेतस्थळे अजूनही जुन्याच पत्त्यांवर अवलंबून आहेत. २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने सुधारित मुदती जाहीर करून शासकीय संस्थांना ३० जून २०२२ पर्यंत स्थलांतर पूर्ण करण्यास सांगितले. मूळ आराखड्यातील मार्च २०१२ ची मुदत आठवली, म्हणजे दहा वर्षांचे अंतर ध्यानी येते.

काही गैरसमज

नवी पद्धत आपोआप अधिक सुरक्षित असते, असे मानले जाते. ते खरे नाही. सांकेतिकीकरणाची सोय आरंभी तिच्यात अनिवार्य मानली होती. पुढे ही अट शिथिल झाली. त्याचप्रमाणे, 'नॅट' नसल्याने घरातील यंत्रे उघडी पडतात, हा समजही अपुऱ्या माहितीवर आधारलेला आहे. संरक्षणाचे काम फायरवॉल करते आणि ती नव्या पद्धतीतही असते. मात्र राउटरमध्ये ती चालू असल्याची खात्री करून घ्यावी. प्रत्येक यंत्राला कायमचा क्रमांक मिळाल्यास पाळत ठेवणे सोपे होईल, या शंकेवर २००१ मध्येच उपाय सुचविण्यात आला होता. त्यानुसार यंत्रे आपल्या पत्त्याचा अखेरचा भाग वेळोवेळी बदलतात. घरासाठी नवे राउटर घेताना किंवा नवी जोडणी मागताना 'आयपीव्ही-६ चालू आहे काय' एवढे विचारणे ग्राहकाच्या हाती आहे.

पुढे काय?

आज फ्रान्स, जर्मनी व भारत पुढे आहेत, तर स्पेन व इटली बरेच मागे आहेत. अमेरिकेच्या केंद्र शासनाने २००५ मध्ये आपल्या विभागांची मुख्य जाळी जून २००८ पर्यंत सज्ज करण्यास सांगितले होते. जाळी सज्ज झाली, वापर वाढला नाही. म्हणून नोव्हेंबर २०२० च्या आदेशात भाषा बदलली. २०२५ या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत ८० टक्के यंत्रणा केवळ नव्या पद्धतीवर चालाव्यात, असे उद्दिष्ट त्यात ठेवले गेले. दुहेरी व्यवस्थेचा खर्च तेव्हाच संपतो, जेव्हा जुनी व्यवस्था बंद होते.

तो दिवस नजीकच्या काळात येईल, असे दिसत नाही. जुने पत्ते विकत वा भाड्याने मिळत राहतील आणि ज्यांना ते परवडतात त्यांना घाई नसेल. ज्यांना ते परवडत नाहीत त्यांच्यासाठी मात्र हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. इंटरनेटची मूळ कल्पना अशी होती, की जोडलेले प्रत्येक यंत्र दुसऱ्या कोणत्याही यंत्राशी समान पातळीवर बोलू शकेल. एका पत्त्यामागे शेकडो जणांनी दाटीने राहायचे, की प्रत्येकाला स्वतःचे दार असायचे, हा निर्णय या स्थलांतरात दडलेला आहे. उशिरा आलेल्या देशांनी तो आधी घेतला आणि ज्यांच्याकडे मुबलक होते ते अद्याप विचार करीत आहेत.